न आलेल्या गाड्या

खुर्ची सरकारची, छत्री कंपनीची.
भागीदारी म्हणजे काय, ते मला एवढंच कळलं.
ऊन फिरलं की छत्री कुणी हलवायची
यावर लिस्बनशी पत्रव्यवहार चालू आहे.

कमानीवरचे कॅमेरे मोजतात, पण कॅमेरे कंपनीने लावलेले,
म्हणून महिन्यातून तीन दिवस
सरकार मला मोजायला बसवतं. मी, झुल्मिरा,
आधी शाळेत स्वयंपाक करायचे. मग शाळाच राहिली नाही.

काल आल्या तीन हजार एकशे बारा.
करारात आहेत दिवसाला चौदा हजार.
हा आकडा कुणी काढला विचारलं तर
हॉटेलातल्या एका बैठकीचं नाव सांगतात.
कमी पडतील तेवढ्यांचे पैसे सरकार भरतं,
तीस वर्षं, महागाईसकट.
उद्घाटनाला मंत्री म्हणाले होते,
तुमच्या खिशातला छदामही जाणार नाही.
फीत कापायला कात्रीच नव्हती,
कासिमिरोने द्राक्षवेल छाटायची कैची पुढे केली.
ती त्याला अजून परत मिळालेली नाही.

दहा हजार आठशे अठ्ठ्याऐंशी
न आलेल्या गाड्या.
त्यांना धूर नाही, टायर झिजत नाहीत,
आणि टोल कसा, अगदी वेळेवर.
संध्याकाळी डोळे थकले की मला त्या दिसतात.
एकीत माझा भाऊ, जो लियाँला गेला आणि तिथलाच झाला.
एकीत भूगोलाच्या बाई, मांडीवर पृथ्वीचा गोल.
एकीत लोकर घेणारा व्यापारी,
मागच्या सीटवर नुसतीच पोती.

ऑगस्टात मात्र फ्रान्समधून सगळे घरी येतात,
सासूला भेटायला, मासे खायला, भिंत रंगवायला.
एका रविवारी आकडा पंधरा हजारांवर गेला.
कंपनीने पत्र पाठवलं: अपेक्षेपेक्षा जास्त झीज,
भरपाई मिळावी.

पुलाखालून जुना रस्ता जातो,
चेस्टनटच्या झाडांतून, दोनशे चौदा वळणांचा.
वर टोल लागला तशी गावं खाली उतरली.
बेकरीची भिंत ट्रकने दोनदा खरवडली.
मी वर बसून त्यांचे ब्रेक ऐकते,
गिअर बदलताना कण्हणारी इंजिनं ओळखते,
हा आदेरितोचा टेम्पो, ही दूधवाली.
न आलेल्या गाड्यांतल्या कितीतरी
माझ्या पायांखालून चाललेल्या असतात.
पण मला मोजायचंय ते वरचं.
वाटा त्यांच्या, वाटा कंपनीचा.

नोव्हेंबरात लिओनिल्दला रात्री कळा सुरू झाल्या.
गावाजवळचा प्रसूती विभाग बंद होता,
बचत म्हणून. (कशासाठी बचत, ते मला विचारू नका,
मी फक्त गाड्या मोजते.)
रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने फाट्यावर विचारलं: वरून की खालून?
नर्स ओरडली: वरून!
चकाचक रस्ता, एक खड्डा नाही,
पुढे मागे चिटपाखरू नाही,
खोटं कशाला बोलू, रस्ता सुरेख बांधलाय.
त्रेसष्टाव्या किलोमीटरवर, माझ्या समोरच,
गाडी कडेला थांबली. आतला दिवा लागला.
मग रडणं ऐकू आलं.
मागून जुन्या गाडीत बाप येत होता,
त्याला पुढच्या आठवड्यात बिल आलं,
चार युरो नव्वद.

यंत्राने नोंद केली: श्रेणी दोन, वाहन एक.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चढताना तिघे होते, उतरताना चौघे.

कागद परत आला.
शेऱ्याचा रकाना फक्त हवामानासाठी आहे.

मी खोडलं आणि लिहिलं:
धुकं.